झाकण उघडलं, दिवा लागला, स्क्रीन मात्र काळीच

प्रश्न : माझा लॅपटॉप चारेक वर्षांचा आहे, विंडोज ११ आहे. प्रबंधाचं काम चालू असल्यामुळे मी रात्री शट डाउन करत नाही, हायबरनेट करते, म्हणजे सकाळी सगळ्या फायली आणि टॅब जिथल्या तिथे उघडे मिळतात. गेल्या दोन आठवड्यांत चार वेळा असं झालं की सकाळी बटण दाबलं, दिवा लागला, पंख्याचा आवाज आला, पण स्क्रीन काळी ती काळीच. शेवटी बटण दाबून धरून बंद करते, परत चालू केलं की व्यवस्थित चालू होतो, पण आदल्या रात्रीचं काहीच उघडं नसतं. एकदा तर दोन तास लिहिलेलं सेव्ह करायचं राहून गेलं होतं, ते गेलंच. दुरुस्तीवाले म्हणतात मदरबोर्ड बदला. खरंच बदलावा लागेल का?

उत्तर : मदरबोर्डचं एवढ्यात मनावर घेऊ नका. तुम्ही स्वतःच लिहिलंय की बंद करून परत चालू केला की लॅपटॉप नीट चालतो, आणि ही फार महत्त्वाची खूण आहे. मदरबोर्डच गेला असता तर तो दुसऱ्या वेळीही चालू व्हायला कुरकुर करायचा, दिवसभरात मध्येच बंद पडायचा. तुमच्या मशीनला नव्याने चालू होणं जमतंय, जिथे थांबलं होतं तिथे परत येणं जमत नाहीये, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्लीपमध्ये रॅमला (चालू काम तात्पुरतं ठेवणाऱ्या मेमरीला) थोडीथोडी वीज मिळत राहते, म्हणून बॅटरी संपली की सगळं जातं. हायबरनेटमध्ये रॅममध्ये जे काही उघडं आहे ते सी ड्राइव्हवरच्या हायबरफिल नावाच्या एका लपवलेल्या फाइलमध्ये लिहून ठेवलं जातं आणि मग लॅपटॉप खरोखरच बंद होतो. सकाळी बटण दाबलं की आधी बायॉस (विंडोजच्याही आधी चालू होणारा मशीनचा मूळ प्रोग्राम) जागं होतं, मग विंडोजला ती फाइल दिसते, ती परत रॅममध्ये भरली जाते, आणि त्यानंतर ग्राफिक्स, वायफाय, यूएसबी अशा एकेका भागाला त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा छोटा प्रोग्राम, जागं करतो. नव्याने चालू होताना ड्रायव्हर अगदी पहिल्यापासून सुरुवात करतो, इथे मात्र त्याला कालच्याच अवस्थेत यायचं असतं, आणि नेमकं तिथेच तो अडकतो. सगळ्यात जास्त वेळा अडकतो तो ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणून तर दिवा आणि पंखा चालू आणि चित्र गायब.

आता पुढच्या वेळी स्क्रीन काळी दिसली तर कृपा करून लगेच बटण दाबून धरू नका, कारण त्या क्षणी तुमचं कालचं काम अजून जिवंत असतं, बटण दाबून धरलंत की ते जातं. पाच मिनिटं थांबा. जुनी फिरणारी हार्ड डिस्क आणि भरपूर रॅम असेल तर ती फाइल वाचायलाच वेळ लागतो, डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे असं समजा. मग कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागला-विझला तर विंडोज जागं झालंय, फक्त स्क्रीनपर्यंत पोचत नाहीये. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा, त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, बारीकसा बीप येतो आणि पुष्कळदा तेवढ्यानेच चित्र परत येतं.

तरी नाही आलं तर खोलीतला दिवा घालवा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरून अगदी जवळून बघा. माझ्या आधीच्या लॅपटॉपवर मी हे केलं तेव्हा काळ्या स्क्रीनवर लॉक स्क्रीनचं घड्याळ पुसटसं, पाण्याखाली असावं तसं दिसत होतं. म्हणजे चित्र होतं, मागचा प्रकाश तेवढा लागला नव्हता. मी एंटर दाबलं, न बघताच पिन टाकला, दहा सेकंद थांबले आणि कंट्रोल एस दाबलं, कारण मला माहीत होतं की रात्री सगळ्यात वर तीच फाइल उघडी होती. मग विंडोज आणि एक्स, त्यानंतर यू, त्यानंतर आर, असं दाबलं (विंडोज इंग्रजीत असेल तर याने रीस्टार्ट होतो), आणि परत चालू झाल्यावर फाइल उघडली तर शेवटच्या ओळीपर्यंत सगळं जागेवर होतं. फाइलला आधीच नाव दिलेलं असेल तरच हे जमतं, नाहीतर कंट्रोल एस दाबल्यावर नाव विचारणारी खिडकी उघडते आणि अंधारात ते निस्तरणं अवघड. म्हणून नवीन फाइल उघडली की पहिल्या ओळीच्या आधी तिला नाव द्या, ही सवय मला वाटतं सगळ्यांनीच लावून घ्यावी. टॉर्चने काही दिसलं नाही तर दुसरा मॉनिटर किंवा टीव्ही केबलने जोडून बघा, तिथे चित्र आलं तर तुमचं काम वाचलं.

यातलं काहीच चाललं नाही, कॅप्स लॉकचा दिवाही ढिम्म, तर मग चार्जर आणि यूएसबीला लावलेलं सगळं काढा आणि बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. चालू झाल्यावर आधी वर्ड उघडा. वर्ड मूळ सेटिंगप्रमाणे दर १० मिनिटांनी एक प्रत आपोआप ठेवत असतं, ती डाव्या बाजूला दिसते, नाही दिसली तर फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट या वाटेने न सेव्ह केलेल्या फायली शोधा. तुमचे ते दोन तास गेलेत असं धरून चालू नका, आजच तिथे बघा.

आता कायमचा उपाय. मी सुरुवात त्या हायबरफिल फाइलपासूनच करते कारण त्याला पाच मिनिटं लागतात आणि नुकसान काही नाही. सर्चमध्ये सीएमडी टाइप करा, त्यावर राइट क्लिक करून रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर घ्या, आणि इंग्रजीत पॉवर, त्याला जोडूनच सी एफ जी, मग एक मोकळी जागा, प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ, एच, परत मोकळी जागा आणि ऑफ असं लिहून एंटर दाबा. याने जुनी फाइल पुसली जाते. रीस्टार्ट करा आणि तीच ओळ ऑफच्या जागी ऑन लिहून परत चालवा, फाइल नवी कोरी तयार होते. ही फाइल साधारण रॅमच्या ४० टक्के जागा घेते, म्हणजे १६ जीबी रॅमला सहा-साडेसहा जीबी, तेव्हा सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तर आधी तो मोकळा करा.

त्रास दोन आठवड्यांपूर्वी सुरू झाला ना, मग अपडेट हिस्टरीत त्या सुमाराला काय आलंय ते बघा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदललेला दिसला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्सखाली रोल बॅक ड्रायव्हर करा, ते बटण फिकट असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेल नंबरचा ड्रायव्हर घ्या. कुठल्याशा ड्रायव्हर अपडेटर सॉफ्टवेअरच्या नादी अजिबात लागू नका. बायॉसचं अपडेटही तिथेच मिळतं, आणि परत येण्याचे बरेच घोळ त्याने सुटतात, पण ते करताना चार्जर लावलेला हवा, मध्ये बंद करायचं नाही आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर आधी ते सस्पेंड करायचं, नाहीतर पुढच्या वेळी मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसतं. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आहे का ते आधीच बघून ठेवा.

इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडलंत तर कर्नल पॉवर ४१ असा लाल खुणेचा क्रिटिकल एरर दिसेल, त्याला घाबरू नका. मशीन नीट बंद न होता वीज गेली एवढाच त्याचा अर्थ, तुम्ही बटण दाबून धरलंत त्याचीच ती नोंद आहे. ती दाखवून कुणी हार्डवेअर गेलं म्हणालं तर मान्य करू नका. हे सगळं करूनही तसंच राहिलं तर डिस्क तपासून घ्या, कारण हायबरफिल फाइल डिस्कवरच असते आणि नेमक्या त्या जागी डिस्क खराब झाली असेल तर परत येताना अडकणारच. मदरबोर्डचा विषय त्यानंतर, आणि तोवर रात्री हायबरनेट करायच्या आधी सगळं सेव्ह करा, पेन ड्राइव्ह, डॉक, मेमरी कार्ड काढून ठेवा.

प्रश्न : लॅपटॉप झाकण लावून बॅगेत ठेवतो, सकाळी काढला तर गरम असतो आणि बॅटरी संपलेली. मित्र म्हणतो हायबरनेट कर, पण माझ्या मेन्यूत तो पर्यायच नाही.

उत्तर : मित्र बरोबर सांगतोय. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये पूर्वीसारखी गाढ झोप नसते, मोबाइलसारखी अर्धवट झोप असते, वायफाय आणि मेल आत चालूच राहू शकतात, आणि बंद बॅगेत उष्णतेला बाहेर पडायला जागा नसते. हे बॅटरीसाठीही वाईट आहे. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, मग चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू इथे जा, वरची चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल ही ओळ दाबा, खाली हायबरनेटवर टिक करून सेव्ह करा. मग तिथूनच झाकण लावल्यावर काय व्हावं ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये हायबरनेट निवडा. झाकण लावलं की पंखा थांबेपर्यंत अर्धा मिनिट थांबा, मगच बॅगेत टाका. टिकची जागाच दिसली नाही तर वरच्या उत्तरातली ऑनवाली ओळ चालवा.

प्रश्न : एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स आहे. विंडोज शट डाउन करूनच लिनक्समध्ये जातो, तरी विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही, हायबरनेटेड असल्याचा मेसेज येतो. मी हायबरनेट कधीच केलेलं नाही.

उत्तर : तुम्ही केलं नाहीत, विंडोजने केलं. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं, त्यात शट डाउन केल्यावर तुमचे प्रोग्राम बंद होतात पण विंडोजचा गाभा त्याच हायबरफिल फाइलमध्ये ठेवला जातो. लिनक्स तिथे लिहायला नकार देतं ते तुमच्या भल्यासाठीच, जबरदस्तीने लिहिलंत तर विंडोज परत आल्यावर जुन्याच नोंदी खऱ्या धरेल आणि फायली बिघडतील. वर सांगितलेल्या पॉवर बटनच्या पानावरच फास्ट स्टार्टअपची टिक काढून टाका. तेवढ्यापुरतं हवं असेल तर शिफ्ट दाबून ठेवून शट डाउनवर क्लिक करा किंवा रीस्टार्ट करून लिनक्स निवडा, या दोन्हीत विंडोज पूर्ण बंद होतं. रॅम बदलायची असेल तेव्हाही असंच शिफ्ट दाबून पूर्ण शट डाउन करा आणि मगच मागचं झाकण उघडा.