सावध माणसाची तिसरी पॉलिसी

पत्र थोडक्यात असं: वय ३८, दोन मुलं, कमावणारे एकटेच. बोनस आलाय, तो गृहकर्जात भरू की म्युच्युअल फंडात टाकू? सोबत दोन दशांश स्थळांपर्यंत मांडलेला तक्ता. आणि शेवटी जाता जाता एक ओळ: 'विम्याची चिंता नाही. मी सावध माणूस आहे, गेल्या चार वर्षांपासून तीन पॉलिसी चालू आहेत.'

मी त्या शेवटच्या ओळीलाच अडखळलो.

तुमचं वार्षिक उत्पन्न १०० धरू. तिन्ही पॉलिसींचे हप्ते मिळून १२. विमा हप्त्याच्या दहापट, म्हणजे १२०. कर्ज बाकी ३००. उद्या तुम्ही नसलात तर निम्मं कर्जही फिटत नाही, मुलांचं शिक्षण लांबच. बरं, बचत म्हणावी तर वीस वर्षांत २४० भरायचे आणि मिळणार सुमारे ४००. एजंटाने 'जवळपास दुप्पट' म्हटलं असणार. व्याज काढलंत? जेमतेम साडेचार टक्के. आणि कर्जावर तुम्ही नऊ टक्के मोजताय! ओळखीच्या माणसाला नाही म्हणवलं नाही, त्याला तुम्ही सावधपणा म्हणताय.

तरुणपणी गणितात तरबेज होता येतं, व्यवहारी शहाणपण मात्र अनुभवाशिवाय येत नाही, असं अॅरिस्टॉटल म्हणून गेलाय. तुमचा तक्ता बघून तेच आठवलं. तेराव्या शतकातल्या थॉमस अॅक्वायनसने विवेकाची तीन कामं सांगितली: सल्लामसलत, निर्णय आणि अंमल. त्यातलं मुख्य काम तिसरं. माझ्याकडे येणारी मंडळी पहिल्यावरच मुक्काम ठोकतात.

तेव्हा आधी टर्म प्लॅन, म्हणजे बचतीचा भाग नसलेला निव्वळ विमा, उत्पन्नाच्या बारा-पंधरा पट. अर्जात आजारपण लपवू नका. तो कागद हातात पडेपर्यंत जुन्या पॉलिसींना हात लावायचा नाही. मग पेड-अप केल्यास (हप्ते थांबवून कमी रकमेवर पॉलिसी चालू ठेवल्यास) किती आणि सरेंडर केल्यास (पॉलिसी मोडून पैसे घेतल्यास) किती मिळतील, हे कंपनीकडून लेखी मागवा. एजंटाला विचारू नका, त्याचं उत्तर आधीच ठरलेलं आहे. भरलेले चार हप्ते गेले. त्यांच्यासाठी आणखी सोळा भरू नका.

राहिला बोनस. तो १५ आहे, आणि बचत खात्यात महिन्याभराचाच खर्च दिसतोय. बोनस तिथेच राहू द्या, अडीनडीला. फंडाचा विचार पुढच्या वर्षी, तोही तक्त्यात फंडाच्या परताव्याचे १५ टक्के धरलेत, ते खोडून १० लिहिल्यावर.

टर्म प्लॅनचा अर्ज या रविवारी भरा. पत्नीला शेजारी बसवा. दावा करायची वेळ आली तर कागद त्यांनाच शोधावे लागतील.