नोकरी सोडून पूर्णवेळ ड्रमर व्हायचं का? जरा सविस्तर उत्तर

तू विचारलंयस की वय २४, बँडला चार वर्षं झाली, एक छोटं लेबल (रेकॉर्ड कंपनी) अल्बम काढायला तयार आहे, मग दीड महिन्याची टूर, तर आता नोकरी सोडायची का आणि इंडी रॉकमध्ये (मोठ्या कंपन्यांबाहेरच्या रॉकमध्ये) ड्रमरचं करिअर असं खरंच काही असतं का. मी १७ वर्षं वाजवतेय, सहा बँड झाले, त्यातले चार फुटले, म्हणून मनापासून लिहावंसं वाटलं.

असतं. पण ते एका बँडचं नसतं, हे आधी डोक्यात पक्कं बसव. जो गाणी लिहितो त्याची गाणी बँड फुटला तरी त्याचीच राहतात, तो उद्या एकटा गिटार घेऊन उभा राहू शकतो. आपल्याकडे बँड फुटल्यावर उरतात ते हात, कान आणि ज्यांच्याबरोबर वाजवलं त्यांचं आपल्याबद्दलचं मत. म्हणून जे ड्रमर वीस-तीस वर्षं टिकले ते बहुतेक एकावेळी दोन-तीन ठिकाणी वाजवत होते. ड्रमर जॅनेट वाइस बघ, स्लीटर-किनी या अमेरिकन बँडमध्ये ती १९९६ पासून २०१९ पर्यंत, पण क्वासी हा तिचा दुसरा बँड त्याच्या आधीपासून चालू होता, मधल्या काळात गायक स्टीफन माल्कमसच्या जिक्स या बँडबरोबर वाजवलं, वाइल्ड फ्लॅग नावाचा आणखी एक बँड झाला. २०१९ ला ती स्लीटर-किनीतून बाहेर पडली, त्याच वर्षी कारच्या अपघातात पाय आणि गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि तरी २०२३ ला क्वासीचा नवा अल्बम आला. ड्रमर जॉन वर्स्टरचंही तेच, सुपरचंक आणि माउंटन गोट्स हे बँड आणि गायक बॉब मोल्ड, तिन्हीकडे कितीतरी वर्षं एकच माणूस होता. याला बेइमानी म्हणत नाहीत, ड्रमरचं पोट असंच चालतं, आणि तुझ्या बँडला हे आत्ताच मोकळेपणाने सांगून ठेव.

आता पैशाचं, कारण यातच सगळ्यात जास्त ड्रमर मार खातात. गाण्यात हक्क दोन असतात, एक गाण्याचा म्हणजे चाल आणि शब्दांचा, दुसरा त्या रेकॉर्डिंगचा. पहिला हक्क लिहिणाऱ्याला जातो आणि ठेका कितीही भारी असला तरी त्याला आपोआप कुणी लेखन मानत नाही. द स्मिथ्स या ब्रिटिश बँडची केस इंडीतल्या प्रत्येक ड्रमरने वाचायला हवी. गायक मॉरिसी आणि गिटारिस्ट जॉनी मार रेकॉर्डिंग आणि कार्यक्रमांच्या कमाईतले ४०-४० टक्के घ्यायचे, ड्रमर माइक जॉइस आणि बेसिस्ट अँडी रूर्क यांना १०-१०. कागदावर काहीच नव्हतं. बँड १९८७ ला फुटला, जॉइस कोर्टात गेला, आणि १९९६ मध्ये लंडनच्या हाय कोर्टाने सांगितलं की वेगळा करार दाखवता येत नसेल तर १८९० च्या भागीदारी कायद्याप्रमाणे चौघे समान भागीदार, म्हणजे त्याचा वाटा २५ टक्के. रूर्क पैशाच्या अडचणीत होता म्हणून त्याने आधीच ८३ हजार पौंड आणि १० टक्क्यांवर तडजोड केली होती. एकाच बँडमधले दोघं, तेवढंच वाजवलेलं, आणि शेवट किती वेगळा. (गाणी लिहिल्याचे पैसे या भांडणात नव्हतेच, ते मॉरिसी-मारचेच राहिले.) याच्या उलट आर.ई.एम. हा बँड, तिथे गाण्यांचं श्रेय चौघांच्या नावाने, बिल बेरी हा ड्रमर त्यात धरून. तो १९९७ ला बँड सोडून शेती करायला गेला तरी त्याचं नाव त्या गाण्यांवर आहेच.

माझ्या पहिल्या बँडमध्ये कुणाचा वाटा किती असा कागद नव्हता. एका तालमीत गिटारिस्टची तार तुटली, तो खाली बसून नवीन तार लावत होता, आणि मी वेळ घालवायला फ्लोअर टॉम (खाली उभा असणारा मोठा ड्रम) आणि बंद हॅटवर (पायाने मिटणाऱ्या दोन झांजांवर) एक अडखळता ठेका धरला, तो मान वर करून म्हणाला थांबू नकोस, आणि तार अर्धवट लावलेल्या गिटारवरच त्याने त्यावर सूर धरला. ते आमचं सगळ्यात चाललेलं गाणं. बँड फुटल्यावर तीन वर्षांनी ते एका जाहिरातीत वाजलं आणि मला ते टीव्हीवर ऐकूनच कळलं. लेखक म्हणून नाव एकट्या गिटारिस्टचं. तो वाईट माणूस नव्हता, कुणी विचारलंच नव्हतं तेव्हा, मीसुद्धा नाही. त्या दिवशी जे वाटलं ते तुझ्या वाट्याला येऊ नये एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

तर, प्रत्येक गाण्याचे कुणाचे किती टक्के हे एका पानावर लिहा आणि बँडमधल्या सगळ्यांनी सही करा. श्रेयनामावलीत नाव आहे का तेही बघ. ड्रमर चॅड चॅनिंगने १९९० ला निर्वाणा या बँडबरोबर केलेल्या सेशनमधलं एक गाणं पुढे त्यांच्या १९९१ च्या प्रचंड गाजलेल्या अल्बममध्ये आलं, त्यातल्या सिंबल्स (झांजा) त्याच्याच, पण अल्बमवर त्याचं नाव नव्हतं. शिवाय वादकाचे पैसे गोळा करणाऱ्या संस्था असतात, तिथे स्वतःच्या नावाने नोंदणी कर, बँडच्या भरवशावर राहू नकोस. उदाहरणार्थ अमेरिकेत साउंडएक्सचेंज डिजिटल रेडिओच्या पैशातले ४५ टक्के मुख्य कलाकारांना आणि ५ टक्के साथीच्या वादकांसाठी काढते, पण नोंदच नसेल तर देणार कुणाला?

स्टुडिओबद्दल. पहिला दिवस बहुतेक वेळा ड्रम्सचाच असतो, बाकीचं सगळं नंतर त्यावर चढतं, म्हणजे तू हललास की घर हललं. नवीन हेड्स (ड्रमवरचे पडदे) रेकॉर्डिंगच्या दोन-तीन दिवस आधी लाव, ताणून बसू दे, त्याच दिवशी लावलेस तर दर टेकनंतर (एकदा वाजवून रेकॉर्ड केल्यावर) स्नेअरचा, म्हणजे समोरच्या खणखणीत ड्रमचा, सूर उतरत जाईल आणि दोन टेक एकमेकांना जोडता येणार नाहीत. क्लिकची, म्हणजे कानात वाजणाऱ्या मेट्रोनोमच्या टकटकीची, सवय नसेल तर आजपासून लाव. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगला आम्ही क्लिकशिवाय वाजवलं आणि ऐकताना कळलं की प्रत्येक कोरसला (ध्रुवपदाला) मी पळते, जोश म्हणून नाही, तर फिल (दोन भागांमधला छोटा भरणा) संपवायची घाई म्हणून. घरी मेट्रोनोम एक बार (ठेक्याचं एक आवर्तन) वाजणारा आणि एक बार गप्प राहणारा असा लाव, मग गप्प बार दोन कर, मग चार. आवाज परत येतो तेव्हा तू कुठे आहेस ते बघ. पहिले आठ दिवस खूप निराशा येते, पण हात तिथेच बसतो. आणि फिल्स कमी कर. मेग व्हाइटने व्हाइट स्ट्राइप्स या दोनच माणसांच्या बँडमध्ये १४ वर्षं साध्या ठेक्यावर काढली कारण गाण्याला तेवढंच हवं होतं, आणि तेवढंच वाजवायला हिंमत लागते.

टूरवर बहुतेक ठिकाणी किट तिथलं असतं, स्नेअर, सिंबल्स, किक पेडल आपलं न्यायचं, मी बसायचं स्टूलही नेते, दीड महिना कंबर सांभाळायची असते. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पुढे सरकू नये म्हणून गालिचा. सिंबलचे फेल्ट आणि विंगनट वेगळ्या डबीत, ते नेहमी हरवतात. आपला कार्यक्रम संपला की स्टेजवर बसून नट सोडवायचे नाहीत, सामान जसंच्या तसं उचलून बाजूला आणायचं आणि तिथे मोकळं करायचं, आपल्यानंतरच्या बँडला वेळ मिळतो. हे मी मुद्दाम लिहितेय कारण मला तिसरा बँड असाच मिळाला, आमच्यानंतर वाजवणाऱ्यांनी ते बघितलं होतं आणि चार महिन्यांनी त्यांचा ड्रमर आजारी पडल्यावर फोन मला आला.

नोकरीचं म्हणशील तर आत्ता सोडू नकोस. दीड महिन्याची बिनपगारी रजा माग. पहिल्या टूरवर जे मिळतं ते गाडी, इंधन आणि राहण्यातच जातं, शर्ट-रेकॉर्ड विकून जे उरेल तेच उरेल. सोडायची वेळ येते ती दुसऱ्या-तिसऱ्या बँडकडून कामं यायला लागून रजा पुरेनाशी झाली की. मी वाजवायला लागल्यापासून अकराव्या वर्षी नोकरी सोडली, आणि अजूनही आठवड्यातून तीन दिवस शिकवते. शिकवण्याला कमी समजू नकोस, माझी लय शिकवायला लागल्यावरच सुधारली.

एक गोष्ट मात्र उद्यावर टाकू नकोस, ती म्हणजे कान. माझ्या डाव्या कानात, हॅटच्या बाजूच्या, २९ व्या वर्षापासून बारीक शिट्टी चालू आहे, रात्री सगळं शांत झालं की ती मोठी होते, आणि ती जाणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. नियम असा की ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ठीक, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला जेमतेम १५ मिनिटं. छोट्या खोलीतली तालीम त्याच्या वर सहज जाते. फोमचे बोळे घालून सिंबल नीट ऐकू येत नाही म्हणून आपण ते काढून टाकतो, मीही तेच केलं. कानाचा साचा घेऊन बनवलेले, फिल्टरवाले घे, त्यात आवाज कमी होतो पण घुसमटत नाही. बनून यायला वेळ लागतो, तेव्हा टूरच्या तारखा पक्क्या व्हायची वाट न बघता याच आठवड्यात साचा देऊन ये.