वेधशाळेतला वेध आणि ग्रहणाचे वेध

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका शिक्षिकेने विचारले आहे: "शाळेच्या फलकावर आम्ही लिहिले, 'आदित्य-एल१ ही भारताची पहिली अंतराळ वेधशाळा'. सातवीतला एक मुलगा म्हणाला, वेधशाळा तर पावसाचा अंदाज सांगते, ती सूर्याकडे कशाला गेली? एका मुलीने विचारले, सप्टेंबरमधल्या चंद्रग्रहणाला आजीने वेध पाळले, ते वेध हेच का? शब्द एकच आहे की दोन? आणि त्याचे मूळ वेदांत आहे का?"

बाई, शब्द एकच आहे, आणि वेदांशी त्याचे नाते नाही. 'वेद' आला 'विद्' म्हणजे जाणणे या धातूपासून. 'वेध' आला 'व्यध्' पासून, म्हणजे भोसकणे, टोचणे, आरपार जाणे. उच्चार जवळचे असल्याने 'वेदशाळा' असे लिहिलेले सर्रास दिसते. ते चूकच आहे. वेदशाळेत ऋचा म्हणतील, तारे पाहणार नाहीत.

या 'व्यध्'चे गोत मराठीत मोठे आहे. बाणाने विंधणे त्यातलेच. सरकारी फलकावर बोअरला 'विंधन विहीर' म्हणतात, ती जमिनीला भोक पाडून केलेली विहीर. बाळाचे कान टोचतात तो कर्णवेध, आणि टोचल्यावर कानाला पडते ते वेज. मोत्यात दोरा ओवण्यासाठी भोक असते, त्यालाही वेज म्हणतात. विधानसभेतली 'लक्षवेधी' याच घरातली. 'लक्ष्यवेध' मात्र निराळा, तिथे लक्ष्य म्हणजे निशाण. लक्षवेधीतले लक्ष म्हणजे ध्यान. एका 'य'ने अर्थ बदलतो, म्हणून लिहिताना जपावे.

मग टोचण्याचा आकाशाशी संबंध कसा आला? जुन्या ज्योतिषग्रंथांत नलिकायंत्र येते. एक सरळ पोकळ नळी, तिला भिंग नाही. गणिताने काढलेल्या जागेच्या रोखाने ती नळी बसवायची आणि एका टोकाला डोळा लावायचा. दुसऱ्या टोकातून नेमका तो ग्रह दिसला तर गणित बरोबर, नाही दिसला तर गणित सुधारायचे. दृष्टी नळीतून नीट जाऊन ग्रहाला भिडते, बाण निशाणाला भिडतो तशी. म्हणून तो वेध. नुसते पाहणे आणि वेध घेणे यांत फरक आहे. चांदणे आपण पाहतो. वेध घेताना कुठे, किती वाजता, किती अंशांवर हे ठरलेले असते आणि हाती आकडा येतो. 'वेधशाळा' हा शब्द मला 'निरीक्षणशाळे'पेक्षा उजवा वाटतो तो याचसाठी. त्यात नेम आहे.

आता आजीचे वेध. इथे खरी किल्ली क्रियापदात आहे. 'घेणे' लावले की आपण वेधतो आणि समोरची वस्तू वेधली जाते: सूर्याचा वेध घेतला. 'लागणे' लावले की दिशा उलटते. दूरची, अजून न आलेली गोष्ट आपल्यापर्यंत पोचते आणि वेधले जातो ते आपण: पोरांना सुट्टीचे वेध लागले, चैत्र आला की जोतिबाच्या यात्रेचे वेध लागतात, शिवाजी पेठेला फुटबॉलच्या हंगामाचे वेध लागतात. वचनही बदलते. घेताना बहुधा 'वेध' एकवचनी, 'चा वेध'. लागताना तो नेहमी अनेकवचनी, 'चे वेध'. 'यात्रेचा वेध लागला' असे कानाला खटकते. जुने ज्योतिषी अनेक निरीक्षणांना 'वेध घेतले' म्हणत, तेवढा अपवाद.

पंचांगात हा लागण्याचा अर्थ फार काटेकोर आहे. दशमीचा शेवट एकादशीच्या पहाटेत घुसला तर ती एकादशी 'विद्ध', म्हणजे दशमीने टोचलेली, आणि काही संप्रदाय ती उपासाला धरत नाहीत. एका काळाने दुसऱ्या काळाला टोचणे म्हणजे वेध. ग्रहणाचे वेध असेच: सूर्यग्रहणाचे चार प्रहर आधी, चंद्रग्रहणाचे तीन प्रहर आधी, आणि प्रहर म्हणजे साधारण तीन तास. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणात पृथ्वीची दाट सावली चंद्राला शिवली रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी, पण आजीने त्याआधी कितीतरी तास वेध पाळले, ते या हिशेबाने. त्या तासांत चंद्रावर, पृथ्वीवर किंवा अन्नावर ग्रहणाचा कसलाही परिणाम होत नसतो, हे मुलांना स्वच्छ सांगावे. तो काळ धर्मशास्त्राने ठरवला आहे, निसर्गाने नव्हे. पण एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. जिथून ग्रहण दिसत नाही तिथे वेध पाळत नाहीत, आणि चंद्र फक्त विरळ सावलीतून जातो त्या छायाकल्प ग्रहणाचेही पाळत नाहीत. म्हणजे आजीच्या वेधालाही दिसण्याचीच अट आहे.

दोन्ही अर्थ एकत्र पाहायचे तर कोल्हापुरातच पाहता येतात. अंबाबाईच्या किरणोत्सवात ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यात येतात आणि एकेक दिवस चरणांपासून मुखापर्यंत चढत जातात. या दोन काळांत सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण १७ अंशांवर असतो, एकदा दक्षिणेकडे जाताना, एकदा परतताना. म्हणून वर्षातून दोनदा. भक्तांना किरणोत्सवाचे वेध लागतात. अभ्यासक किरणांच्या वाटेतल्या इमारतींची उंची आणि कोन मोजून किरणांचा वेध घेतात. हे उदाहरण वर्गात द्या, फरक लगेच कळेल.

पहिल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मुंबईत आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये सुरू झाली ती ताऱ्यांचे वेध घेण्यासाठी आणि जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी. पुढे तिथे हवामानाच्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. मुंबईच्या पावसाचा आकडा कुलाब्याहून येई, म्हणून वर्तमानपत्रांत 'वेधशाळेचा अंदाज' रूढ झाला आणि घरोघरी वेधशाळा म्हणजे हवामान खाते असे समीकरण बसले. ते चूक नाही, अपुरे आहे.

आणि याच कुलाब्यात आदित्य-एल१ चा पूर्वज सापडतो. सप्टेंबर १८५९ च्या सुरुवातीला सूर्यावर प्रचंड स्फोट झाला. कॅरिंग्टन या इंग्रज ज्योतिर्विदाने तो दुर्बिणीतून पाहिला, म्हणून त्या सौरवादळाला त्याचे नाव पडले. वादळ पृथ्वीवर आदळले तेव्हा कुलाब्याच्या चुंबकमापकाने चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची (हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) घसरण नोंदवली. जगभरचे शास्त्रज्ञ आजही त्या वादळाचा जोर ठरवताना या नोंदीकडे वळतात. मला याचा मनापासून अभिमान वाटतो, आणि हे आपल्या मुलांना शाळेत कळले पाहिजे असे वाटते.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकसुया बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय नोंदी अलिबागला हलवल्या. याच वारशातून भारतीय भूचुंबकत्व संस्था उभी राहिली. तिने शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात रडार बसवून आपल्या कोल्हापूरच्या डोक्यावर ऐंशी-नव्वद किलोमीटर उंचीवरचे वारे मोजले.

आदित्य-एल१ २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून निघाले आणि ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या लॅग्रांज बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचले. नावातला 'एल१' तो हाच: सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधली अशी जागा, जिथे यान पृथ्वीच्या जोडीने सूर्याभोवती फिरत राहू शकते. तिथून मध्ये पृथ्वी किंवा चंद्र न येता सूर्य सतत दिसतो. यानावर सात उपकरणे आहेत. त्यातली सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत घडली. आणखी एक उपकरण आहे चुंबकमापक, सहा मीटर लांब दांड्यावर बसवलेले, म्हणजे यानाच्या स्वतःच्या चुंबकत्वाची बाधा होऊ नये. ट्रामपासून दूर अलिबागला जाण्यामागे जे कारण होते, तेच इथे. काम तेच, जागा बदलली. सूर्याकडून येणारा कणांचा झोत या बिंदूवर पृथ्वीच्या आधी पोचतो, त्यामुळे वादळाची चाहूल थोडी आधी लागते. मे २०२४ मध्ये असे मोठे वादळ आले, लडाखमधल्या हानलेहून आकाशात लाल प्रभा दिसली, आणि आदित्यच्या उपकरणांनी त्याची नोंद घेतली. सौरवादळांच्या या शास्त्राला 'अवकाश हवामान' म्हणतात. तेव्हा त्या मुलाला सांगा, ही वेधशाळाही हवामानच सांगते, फक्त सूर्याचे.

वेधशाळेत डोळा लावायला दुर्बीण हवीच, असेही नाही. नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या रेडिओलहरींचा वेध घेतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा होऊ घातली आहे. तिला चार-चार किलोमीटरचे दोन काटकोनी बाहू असतील, आणि गुरुत्वलहर, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसत जाणारा तरंग, गेली की त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म फरक पडेल, तो लेसरने मोजायचा. तिथे आकाशाकडे कोणी पाहणारच नाही. 'निरीक्षण' हा शब्द इथे लंगडा पडतो, 'वेध' पडत नाही.

मात्र प्रत्येक मोहिमेला 'वेध' चिकटवू नये. चंद्रयान-३ च्या प्रज्ञान बग्गीने २०२३ मध्ये दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीतले गंधक ओळखले. ती मातीवर उभी होती. अशा कामाला तपासणी, पाहणी, पृथक्करण हे शब्द आहेत. वेधाला अंतर लागते.

आता फलकाचे. 'वेधशाळा' बरोबर आहे, 'पहिली अंतराळ वेधशाळा' बरोबर नाही. तो मान ॲस्ट्रोसॅटचा. ती २८ सप्टेंबर २०१५ ला अवकाशात गेली आणि कृष्णविवरे, न्यूट्रॉन तारे, दूरच्या दीर्घिका यांचे क्षकिरणांपासून (एक्स-रे) दृश्य प्रकाशापर्यंत वेध घेण्यासाठीच ती बनवली होती. फलकावर एक शब्द वाढवा: 'आदित्य-एल१ ही भारताची पहिली सौर अंतराळ वेधशाळा'. जागा उरली तर खाली ॲस्ट्रोसॅटचे नाव आणि वर्ष लिहा, मुले त्याबद्दलही विचारतील.