रायबोसोमच्या प्रथिनांचा हिशेब कोण ठेवतं?

प्रश्न: ई. कोलाय या जिवाणूच्या रायबोसोममध्ये (पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या यंत्रात) पन्नासहून अधिक प्रथिने असतात आणि बहुतेकांची एकेकच प्रत लागते. त्यांची जनुके मात्र अनेक ऑपेरॉनांत (एकत्र वाचल्या जाणाऱ्या जनुकांच्या गटांत) विखुरलेली आहेत. मग प्रमाण जुळते कसे?

उत्तर: पेशी प्रथिने मोजत बसत नाही. मोकळा आरआरएनए (रायबोसोमचा स्वतःचा आरएनए) शिल्लक आहे की नाही, यावर सगळे ठरते. एस४, एस७, एस८, एल१, एल४ अशी काही प्रथिने (एस म्हणजे रायबोसोमच्या लहान उपघटकातले, एल म्हणजे मोठ्या) रायबोसोमची जुळणी होताना थेट आरआरएनएला चिकटतात. आरआरएनए उपलब्ध असेपर्यंत ती तिकडेच जातात, कारण तिथली पकड सहसा अधिक घट्ट असते. तो संपला की उरलेले प्रथिन स्वतःच्याच ऑपेरॉनच्या एमआरएनएवर (जनुकांचा संदेश नेणाऱ्या आरएनएवर) जाऊन बसते आणि भाषांतर, म्हणजे त्या संदेशावरून प्रथिन बनणे, थांबवते. एमआरएनएच्या त्या भागाची घडी आरआरएनएवरच्या जागेशी मिळतीजुळती असते. मासायासु नोमुरा यांच्या गटाने १९८० साली हे साम्य दाखवून दिले.

एका ऑपेरॉनला असे एकच प्रथिन पुरते. जनुकांचे भाषांतर एकमेकांशी जोडलेले असते. वरच्या जनुकावर रायबोसोम चालला नाही, तर खालच्याची सुरुवातीची जागा घडीत दडलेली राहते. एस१० ऑपेरॉनमध्ये अकरा जनुके आहेत, पण लगाम एकट्या एल४कडे आहे. एल४ भाषांतर तर रोखतेच, शिवाय नसए या प्रथिनाच्या मदतीने एमआरएनएचे लेखनही (डीएनएवरून आरएनए बनणे) अग्रभागातच, म्हणजे जनुकांआधीच्या भागातच, थांबवते.

प्रश्न: प्रथिन एमआरएनएवर बसले म्हणजे रायबोसोमला जागाच उरत नाही, असे समजायचे का?

उत्तर: काही ठिकाणी तसेच घडते, पण ई. कोलायच्या एस१५चे उदाहरण मुद्दाम पाहा. त्याच्या एमआरएनएच्या सुरुवातीला आरएनएची स्यूडोनॉट ही गाठीसारखी घडी बनते. एस१५ ती घडी पक्की करते. रायबोसोमचा लहान, ३०एस उपघटक एमआरएनएवर येऊन बसतो खरा, पण तिथेच अडकतो. सुरुवातीचा कोडॉन (भाषांतर जिथून सुरू होते ती तीन अक्षरे) त्याच्या खोबणीत नीट येत नाही. एस१५ची पातळी उतरली की घडी सुटते आणि भाषांतर पुढे सरकते.

एस१५ प्रथिन आणि लहान उपघटकातल्या १६एस आरआरएनएवरची त्याची जागा जिवाणूंमध्ये फारशी बदललेली नाही. तरी जिओबॅसिलस आणि थर्मस यांच्या एमआरएनएवरच्या घड्या ई. कोलायपेक्षा अगदी निराळ्या आहेत. म्हणून ई. कोलायचा क्रम घेऊन दुसऱ्या जिवाणूत शोध घेतला आणि काही सापडले नाही, तर ‘इथे नियंत्रण नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

प्रश्न: एका अग्रभागात असे नियंत्रण असावे, अशी शंका आहे. तपासायचे कसे?

उत्तर: अग्रभाग, सुरुवातीचा कोडॉन आणि पुढचे काही कोडॉन लॅकझेड या सहज मोजता येणाऱ्या जनुकाला वाचनाची चौकट सांभाळून जोडा. पुष्कळदा घडी जनुकाच्या आतपर्यंत शिरलेली असते. कोडॉनपाशीच कापलेत तर घडी अर्धी राहते आणि नियंत्रण दिसत नाही. प्रथिन दुसऱ्या प्लास्मिडवरून (पेशीतल्या छोट्या वेगळ्या डीएनएवरून) बनवा, पण तिथे त्याचा मूळ अग्रभाग ठेवू नका, नाहीतर ते स्वतःलाच दाबेल. जादा प्रथिनाने पेशींची वाढ मंदावू शकते, त्यामुळे या नियंत्रणाशी संबंध नसलेल्या अग्रभागाचा एक नमुना शेजारी हवाच. केवळ लेखन मोजणारी जोडणीही करा. तिच्यात फरक पडला नाही आणि पहिलीत पडला, तर परिणाम भाषांतरावर आहे असे मानता येते.

खरा पुरावा उत्परिवर्तनांतून मिळतो. हेअरपिनच्या (आरएनए स्वतःवर दुमडून बनलेल्या घडीच्या) देठाची एक बाजू बदला: दाब सुटायला हवा. मग समोरची बाजू जुळेल अशी बदला: दाब परत यायला हवा. मात्र प्रथिन त्या बेसना (आरएनएच्या अक्षरांना) थेट ओळखत असेल, तर जोडी जुळूनही दाब परतणार नाही.

प्रथिन आरएनएला चिकटते का हे पाहणाऱ्या बंधनाच्या प्रयोगात दोन गोष्टी हमखास बिघडतात. ही प्रथिने धनभारित असल्याने कुठल्याही आरएनएला चिकटतात. म्हणून मिश्रणात जादा टीआरएनए (या नियंत्रणाशी संबंध नसलेला आरएनए) घालावा आणि क्षाराचे प्रमाण फार खाली आणू नये. दुसरे म्हणजे आरएनए आधी गरम करून, मॅग्नेशियम घालून पुन्हा घडवावा लागतो. मॅग्नेशियम कमी पडले तर स्यूडोनॉट बनतच नाही आणि चांगले प्रथिन निकामी ठरवले जाते.