गोव्यातल्या इटालियन खानावळीत सहा जणांचं जेवण: काय बदलून मिळतं, काय मिळत नाही

प्रश्न असा आहे: खानापूरहून जांबोटी-चोर्ला मार्गे गोवा, डिसेंबरात, आईवडिलांच्या लग्नाचा वाढदिवस, एका इटालियन जोडप्यानं चालवलेलं आठ-दहा टेबलांचं हॉटेल. माणसं सहा. आई शाकाहारी, अंडंही नाही. वहिनी निपाणीकडच्या जैन घरातल्या, कांदा-लसूण नाही. वडिलांना मधुमेह, तुम्ही आणि भाऊ सगळं खाता, मुलगी सात वर्षांची. मेनूकार्डाचा फोटो बघून काही कळेना, आणि कुणीतरी सांगितलंय की तिथं पास्ता कच्चा देतात, पिझ्झा जळका देतात.

आधी तीन गोष्टी. दुपारी जा, दोन दिवस आधी फोन करा, आणि सहा जणांना सहा वेगळे पास्ते मागवू नका.

इटलीत अशा जागेला त्रात्तोरिया म्हणतात. आपल्याकडची खानावळ समजा, पण एक फरक आहे. खानावळीत ताट दोन मिनिटांत येतं, कारण सगळं आधीच झालेलं असतं. इथं निम्मं आधी झालेलं असतं आणि निम्मं ऑर्डर गेल्यावर सुरू होतं. कुठला पदार्थ कुठल्या निम्म्यातला, एवढं कळलं की तुमच्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर मिळतं. सकाळी शिजलेल्यात कुणाच्या सांगण्यावरून काही काढता येत नाही. पॅनमध्ये समोर होणाऱ्यात जवळजवळ सगळं बदलता येतं.

सकाळच्या बाजूला काय काय येतं? रागू, म्हणजे दोन-तीन तास मंद आचेवर शिजलेला खिम्याचा रस्सा. टोमॅटोचा मोठ्या भांड्यातला सॉस. त्यात कांदा किंवा लसूण, बहुधा दोन्ही. लझान्या, म्हणजे पास्त्याच्या पट्ट्या आणि सॉसचे थर. सूपचा आणि रिसोत्तोचा (इटालियन मऊ भाताचा) स्टॉक, म्हणजे उकळून काढलेलं पाणी. पेस्तो, म्हणजे बेसिलची चटणी. हातानं केलेला ताजा पास्ता. पिझ्झ्याचं पीठ तर आदल्या दिवशीचं. गोडात तिरामिसू (कॉफीत भिजवलेली बिस्किटं आणि क्रीम) आणि पान्ना कोत्ता (थिजवलेली साय), कारण दोन्ही फ्रीजमध्ये काही तास बसावे लागतात. "लझान्यातून कांदा काढून द्या" असं सांगितलं तर मालकीण हसेल किंवा चिडेल, लझान्या तोच येईल.

ऑर्डरनंतर होणारं: आल्यो ए ओल्यो (लसूण, ऑलिव्ह तेल, लाल मिरची), ताज्या टोमॅटोचा पास्ता, पिझ्झ्यावरचं सगळं, सॅलड, भाजलेल्या भाज्या, तव्यावरचा मासा. आई आणि वहिनी यांचं ताट इथूनच ठरवायचं.

आता अंडं. यात लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण पास्ता म्हणजे मैदा-रवा-पाणी असं आपण धरून चालतो. पाकिटातला सुका पास्ता (स्पॅगेटी, पेन्ने, फुसिल्ली) बहुतेक वेळा तसाच असतो: ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी. ड्युरम म्हणजे आपल्याकडचा बन्सी गहू ज्या जातीचा, तीच जात. पण कार्डावर "ताजा" किंवा "घरी केलेला" लिहिलं असेल तर नीट विचारा. उत्तर इटलीच्या पद्धतीत 100 ग्रॅम पिठाला एक अंडं हे सरळ प्रमाण आहे. ताल्यातेल्ले (लांब पट्ट्या), रॅव्हिओली (सारण भरलेले), लझान्याच्या पट्ट्या, सगळ्यात अंडं. दक्षिणेकडे, पुलिया भागात, ओरेक्येत्तेसारखा ताजा पास्ता रवा आणि पाण्याचाच असतो. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा की तुम्ही इटलीत कुठले? उत्तरेतल्या बोलोन्याकडचे निघाले तर अंडं, लोणी आणि खिमा जास्त. दक्षिणेकडचे निघाले तर टोमॅटो, तेल, भाज्या जास्त, आणि आईंची सोय आपोआप होते. शिवाय गावाचं नाव विचारलं की मालक खुलतो, तो वेगळा फायदा. न्योक्की (उकडलेल्या गोळ्या) बटाट्याची असते, पण बांधायला अंडं घालणारेही बरेच. आणि कंदमूळ म्हणून वहिनींना ती तशीही नको.

चीजमध्ये दुसरी गोची आहे. अस्सल पार्मिज्यानो रेज्यानो वासराच्या जठरातल्या रेनेटनंच (दूध साकळवणाऱ्या द्रव्यानं) बनवतात, तो त्या चीजचा नियमच आहे. पेकोरिनो रोमानो कोकराच्या रेनेटचं. अंडं न खाणाऱ्या बहुतेक लोकांना हे ठाऊक नसतं आणि ताटात किसून पडलेलं दिसतही नाही. भारतात बनलेलं मोझरेल्ला आणि पार्मेसान-पद्धतीचं चीज बहुधा सूक्ष्मजीवांपासूनच्या रेनेटचं असतं, पाकिटावर हिरवी खूण असते. तेव्हा "चीज इटलीहून येतं की इथलं?" एवढं विचारा. अस्सल म्हणून मिरवणाऱ्या जागी हा प्रश्न जास्त गरजेचा.

गोडातही तेच. तिरामिसूत कच्चं अंडं, बिस्किटांत अंडं, बऱ्याचदा दारूही. पान्ना कोत्ता दिसायला नुसती साय, पण घट्ट होते जिलेटिननं, आणि जिलेटिन म्हणजे जनावराची हाडं-कातडं. आई आणि वहिनी दोघींसाठी फळांचं सोर्बेत्तो घ्या. त्यात सहसा फळ, साखर, पाणी. लिंबाचं असेल तर उत्तमच. दुधाच्या जेलातोत (इटालियन आइस्क्रीममध्ये) अंड्याचा बलक घालतात का, ते विचारल्याशिवाय नको.

वहिनींसाठी फोनवर असं सांगा: सुका पास्ता, ताजे टोमॅटो वेगळ्या पॅनमध्ये पाच-सहा मिनिटं, ऑलिव्ह तेल, बेसिल, मीठ, लसूण नाही, कांदा नाही, वरून चीज नाही. हे कुठलाही इटालियन स्वयंपाकी दहा मिनिटांत करतो, आणि हलकं म्हणून करायला त्याला आवडतंही. इटालियन शब्द पाठ करून ठेवा: सेन्झा आल्यो म्हणजे लसूण नाही, सेन्झा चिपोल्ला म्हणजे कांदा नाही, सेन्झा उओवा म्हणजे अंडं नाही. पिझ्झ्याबद्दल आधी त्यांनाच विचारा. कडक पाळणाऱ्यांना यीस्ट आणि रात्रभर आंबलेलं पीठ चालत नाही. सूर्यास्ताचाही प्रश्न आहे. अशी हॉटेलं दुपारी तीन-साडेतीनला बंद होतात आणि पुन्हा सातला उघडतात, म्हणजे रात्रीच्या जेवणाला वहिनी उपाशीच राहायच्या.

दुपारी जा म्हणण्याचं दुसरं कारण घाट. साडेआठच्या सुमारास खानापूर सोडा, वाटेत एक थांबा धरून तीन-साडेतीन तास. साडेबाराचं टेबल सांगा. तीनच्या आत उठलात तर चोर्ला उजेडात चढून होतो. (पावसाळ्यात कुणी हे वाचत असेल तर: जून ते सप्टेंबर गोव्यातली अशी बरीच हॉटेलं बंदच असतात, फोन लागल्याशिवाय गाडी काढू नका.)

आता कच्चा पास्ता. तो कच्चा नसतो, दाताला थोडा लागेल इतपत ठेवलेला असतो. अल देन्ते म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे. एक तुकडा दाताने तोडून आतला भाग बघा. मध्यभागी किंचित घट्ट पण रंग एकसारखा असेल तर बरोबर. पांढरा, पिठूळ ठिपका दिसला आणि दातांना चिकटला तर खरंच कच्चा. खुशाल परत पाठवा. आईंना मऊच हवा असेल तर ऑर्डर देतानाच "दोन मिनिटं जास्त" सांगा, यात कमीपणा काही नाही. ताट आल्यावर परत पाठवलेला पास्ता पॅनमध्ये पुन्हा गरम होतो, सॉस आटतो, शेवयांच्या उपम्यासारखा गोळा होतो. मिठाचंही आधीच बोला. पास्त्याच्या पाण्यात लिटरला साधारण 10 ग्रॅम मीठ असतं आणि तेच आत मुरतं, नंतर कमी करता येत नाही.

जळका पिझ्झा हाही तसाच गैरसमज. नापोलीच्या पद्धतीची भट्टी 430 अंशांच्या वर तापते आणि पिझ्झा 60 ते 90 सेकंदांत बाहेर येतो. तेवढ्यात कडेला काळे ठिपके पडणारच, भाकरीवर पडतात तसे. मध्यभाग ओलसर असतो, टोमॅटोचं आणि मोझरेल्लाचं पाणी. म्हणून सुरी-काट्यानं मधून सुरुवात करतात, किंवा तुकडा दुमडून उचलतात. कडा उचलून खाली बघा: तळ पांढराफटक आणि सॉसखाली पिठाचा चिकट थर असेल तर भट्टी थंड होती. तळ अख्खा काळा आणि कडू असेल तर भट्टीच्या फरशीवर जळकं पीठ साचलं होतं. दोन्हीत तक्रार रास्त आहे.

सहा पास्त्यांचं काय चुकतं? दोन माणसांचं स्वयंपाकघर, चार बर्नर. सुक्या स्पॅगेटीला नऊ ते अकरा मिनिटं, पेन्नेला त्याहून थोडी जास्त, ताज्या ताल्यातेल्लेला दोन-तीन. प्रत्येकाचं पाणी वेगळं, पॅन वेगळा. पहिलं ताट येऊन थंड होईतो शेवटचं येत नाही. त्यापेक्षा टेबलाच्या मधे ठेवून वाटून घ्या. इटलीत ज्याचं त्याचं ताट असतं, पण गोव्यातल्या मालकांना आपली पद्धत माहीत असते. रिकाम्या थाळ्या आधीच मागून घ्या.

माझ्या मते सहा जणांना हे पुरतं: ब्रुस्केत्ता एक प्लेट (भाजलेल्या पावावर लसूण चोळलेली असते, वहिनींना वगळून), भाजलेल्या भाज्या किंवा हिरवं सॅलड एक, मार्गेरिता (टोमॅटो, मोझरेल्ला, बेसिलचा) पिझ्झा एक, भावाच्या आवडीचा एक, वहिनी आणि आई दोघींसाठी वरचा टोमॅटो पास्ता दोन ताटं (आईंना चालत असेल तर त्यांच्यावर इथलं चीज), रागूचा ताल्यातेल्ले एक, वडील मासे खात असतील तर भाजलेला मासा एक. भूक उरली तर अजून एक पिझ्झा. तो सगळ्यात लवकर येतो. मुलीला मार्गेरितातलं अर्धं पुरे. पास्त्याचं ताट सुकं मोजलं तर 80 ते 100 ग्रॅमचं असतं, शिजून दुपटीहून जास्त भरतं, ते पोट भरतं. पावाची टोपली चपातीसारखी पास्त्याबरोबर खाऊ नका. ती शेवटी ताटातला सॉस पुसून घ्यायला.

रिसोत्तो मुद्दामच वगळलाय. अठरा-वीस मिनिटं कुणीतरी शेगडीपाशी अडकतं, स्टॉक कोंबडीचा असण्याची शक्यता मोठी, सुरुवातीला व्हाइट वाइन पडते, आणि वडिलांना भात तसाही बेताचा. घ्यायचाच तर दुसऱ्या खेपेला दोघांत, आणि आला की लगेच खा. ताटात पसरणारा रिसोत्तो पाच मिनिटांत थिजतो.

वडिलांसाठी: आधी सॅलड आणि मासा, मग थोडा पास्ता, पिझ्झा चाखण्यापुरता. फार मऊ शिजलेल्यापेक्षा अल देन्ते पास्त्यानं साखर सावकाश चढते, म्हणून त्यांचा वाटा "दोन मिनिटं जास्त"मध्ये घालू नका. कार्डावर फार्रोचं सॅलड दिसलं तर नक्की घ्या. फार्रो म्हणून बहुधा मिळते ती आपली खपलीच. जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर वेळ डॉक्टरांकडून आधी विचारून ठेवा, कारण ऑर्डर दिल्यापासून ताट यायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. ताट उशिरा आलं तर हाताशी असावा म्हणून पाव आधी मागवून ठेवा.

तिखटाचं म्हणाल तर संकेश्वरी मिरची खाणाऱ्याला अराब्याता (लाल मिरचीचा टोमॅटो सॉस) गोडच लागेल. मिरचीचं तेल मागा, बहुतेकांकडे असतं. केचप फक्त मुलीला. आणि सीफूड पास्त्यावर चीज मागितलंत तर मालकाचं तोंड बघण्यासारखं होतं.

बिलात 5 टक्के जीएसटी असतो. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही, 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो काढून मागता येतो. सेवा चांगली असेल तर टीप स्वतंत्र द्या. थोडी रोकड जवळ असू द्या, नेटवर्कचा भरवसा नाही.

उरलेला पिझ्झा बांधून आणलात तर डब्यातल्या वाफेनं चामड्यासारखा होतो. घरी लोखंडी तव्यावर, तेल न घालता, मंद आचेवर झाकण ठेवून तीन-चार मिनिटं. तळ पुन्हा कुरकुरीत होतो. पास्ता बांधून आणू नका.

फोनवर टोमॅटो सॉस आणि चीजबद्दल काय उत्तर मिळतं ते इथं टाका. ताजा सॉस नाही म्हणाले तर वहिनींचं ताट वेगळं ठरवावं लागेल.