एसी गळतो, भिंतीला बुरशी लागली: ठेव मोडावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीच्या फ्लॅटमधला सहा वर्षांचा दीड टनी स्प्लिट एसी गळतो आणि त्याखालच्या भिंतीवर काळी बुरशी धरली आहे. कंत्राटदाराने भिंतीला पीव्हीसी पॅनेल आणि नवा एसी मिळून ७८,००० रुपये सांगितले आहेत. बचत खात्यात ३५,००० आहेत. २ लाखांची, ७.१ टक्के दराची तीन वर्षांची मुदत ठेव आठ महिने उरलेले असताना मोडावी का?

मोडू नका. आणि पॅनेल तर मुळीच लावू नका. ओल्या भिंतीवर पॅनेल ठोकले की मागची ओल कोंडते, बुरशी वाढत राहते आणि वास येईपर्यंत कळतही नाही. मग तेच पॅनेल उखडण्याची मजुरी वेगळी.

ठेवीचा हिशेब पाहा. ठेवीला आतापर्यंत २८ महिने झाले आहेत. तेवढ्या मुदतीला बँकेचा दर ६.८ टक्के असेल आणि त्यातून १ टक्का दंड कापला, तर ७.१ ऐवजी ५.८ टक्केच पदरात पडतील. हा फरक पूर्ण २८ महिन्यांवर बसतो, म्हणजे जवळपास ६,००० रुपये जातील. पैसे लागलेच तर ठेवीवर कर्ज घ्या. त्याचा दर सहसा ठेवीपेक्षा १ ते २ टक्के जास्त असतो. ३०,००० रुपयांवर ८.१ टक्क्यांनी सहा महिन्यांचे व्याज १,२१५ रुपये होते, आणि ठेव चालू राहते.

पण बहुधा तेवढेही लागणार नाहीत. पहिला खर्च गळतीचे कारण शोधण्यावर करा. एसी तीन दिवस बंद ठेवा. ओल कमी होऊ लागली तर दोष एसीचा. तशीच राहिली तर मागच्या बाथरूमचा किंवा बाहेरच्या भिंतीचा संशय घ्या. मेकॅनिकला आतल्या युनिटच्या ट्रेमध्ये लिटरभर पाणी ओतायला सांगा. ते बाहेरच्या टोकाला लगेच आले नाही, तर ड्रेन पाइपमध्ये शेवाळ अडकले आहे किंवा उतार उलटा आहे. मीटरमागे निदान एक सेंटीमीटर उतार हवा. पाइपचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेले असले तरी पाणी मागे तुंबते. पाणी नीट वाहत असूनही भिंत ओली राहत असेल, तर तांब्याच्या नळीवरचे फोमचे आवरण फाटलेले असते. थंड नळीवर दव धरून ते भिंतीत उतरते. कॉइलवर बर्फ दिसला तर जाळी तुंबलेली किंवा गॅस कमी. साफसफाई, पाइपचा उतार आणि नवे आवरण मिळून ३,५०० ते ४,५०० रुपये धरा.

रंगाची घाई नको. आधी भिंतीवर फवाऱ्याने पाणी मारा, कारण कोरडी खरवडल्यास बुरशीची भुकटी घरभर उडते. एन-९५ मास्क लावून पुट्टी प्लास्टरपर्यंत काढून घ्या, बुरशीनाशक लावा आणि दोन-तीन आठवडे पंखा चालू ठेवा. मग फूटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. आतून थेंब धरले तर भिंत अजून ओली आहे. कोरडी निघाल्यावरच पुट्टी, प्रायमर, रंग. दहा बाय दहाच्या भिंतीला ९,००० ते १०,००० पुरतील. एवढे सगळे बचत खात्यातून भागते.

घराचा विमा असला तरी त्यावर विसंबू नका; हळूहळू झिरपलेल्या पाण्याचे नुकसान त्यात सहसा वगळलेले असते.

नवा एसी फक्त एकाच स्थितीत: आतल्या कॉइलमधून गॅसच गळत असेल आणि ती बदलायला १२,००० च्या वर मागत असतील. तेव्हाही ‘नो-कॉस्ट’ (बिनव्याजी म्हणवणाऱ्या) हप्त्यांवर जाण्याआधी रोखीची किंमत विचारा. रोखीची सूट बऱ्याचदा हातची जाते, शिवाय प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो.

तुमच्या आईंना दमा आहे असे तुम्ही लिहिले आहे. भिंत खरवडायला घेण्याआधीच त्यांची झोपायची सोय हॉलमध्ये करा आणि रंग वाळेपर्यंत त्या खोलीचे दार बंद ठेवा.