सिस्टिक फायब्रोसिससाठी चाचणी चालू असलेले जुने औषध दुकानात मिळत असेल, तर थांबायचे कशासाठी?

आपल्या भाचीला फुप्फुसांत घट्ट कफ साचवणारा हा आनुवंशिक आजार आहे आणि ज्या औषधाविषयी आपण वाचले ते दादरच्या कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते, त्यामुळे आपली घाई समजण्यासारखी आहे. मी मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवतो. माझे उत्तर मात्र थांबा असेच आहे.

जुने औषध सुरक्षित ठरलेले असते ते ठरावीक आजारात, ठरावीक मात्रेत आणि ठरावीक मुदतीपुरते. पावसाळ्यात घसा धरला की आपल्याकडे घरोघरी ज्याच्या तीन-पाच दिवस गोळ्या घेतल्या जातात, त्या ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचेच पाहा. याच गटातील एरिथ्रोमायसिन कमी मात्रेत दीर्घकाळ दिल्याने फुप्फुसांच्या एका वेगळ्या विकाराचे रुग्ण अधिक जगतात, असे जपानमध्ये १९८०च्या दशकात दिसून आले. त्या विकारातही सिस्टिक फायब्रोसिसप्रमाणेच स्यूडोमोनास जंतू छातीत ठाण मांडून बसतो, म्हणून या आजारातही ॲझिथ्रोमायसिन देऊन पाहण्याकडे संशोधकांचे लक्ष वळले. गंमत अशी की नेहमीच्या मात्रेत ॲझिथ्रोमायसिनने हा जंतू मरत नाही. फायदा होतो तो बहुधा दाह कमी झाल्यामुळे.

अमेरिकेत हा जंतू असलेल्या १८५ रुग्णांवर १६८ दिवस चाचणी झाली. जोराने श्वास सोडताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा औषध घेणाऱ्यांत सरासरी ४.४ टक्क्यांनी वाढली, तर तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत १.८ टक्क्यांनी घटली. हे २००३ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१० साली, स्यूडोमोनास नसलेल्या २६० मुलांच्या चाचणीत मात्र या मोजमापात सुधारणा दिसली नाही, तरी आजार बळावण्याचे प्रसंग कमी झाले. औषध तेच, आजार तोच, तरी रुग्ण बदलले की उत्तर बदलते.

शिवाय हे औषध दीर्घकाळ द्यायचे तर आधी बेडक्यात क्षयरोगाच्या जंतूंचे बिगर-क्षय भाऊबंद नाहीत ना, हे तपासावे लागते. ते असताना हे एकटे औषध दिले, तर ते जंतू त्याला दाद देईनासे होतात. हृदयाचा आलेख आणि श्रवणशक्ती यांवरही लक्ष ठेवावे लागते.

आपल्याकडील २०१९च्या नियमांनुसार जुन्या औषधाचा नवा वैद्यकीय दावा ‘नवे औषध’च मानला जातो. म्हणून आपण वाचलेली चाचणी पेशींवर झाली की माणसांवर, आणि माणसांवर असल्यास कोणत्या वयाच्या, कोणता जंतू असलेल्या रुग्णांवर, हे प्रथम पाहावे; भारतातील चाचणी असेल, तर सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत ती विनामूल्य शोधता येते. ती नोंद आणि भाचीचा बेडक्याचा ताजा अहवाल घेऊनच तिच्या डॉक्टरांना भेटावे.